गार खोलीत चक्कर येते तेव्हा

गेल्या महिन्यात संगमेश्वर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव परळला एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पत्नीला हृदयविकार आहे आणि तपासण्यांसाठी उन्हाळ्यात दोघांना मुंबईला जाऊन राहावे लागते. आईला उकाडा सोसत नाही म्हणून मुलाने खोलीत दीड टनाचा एसी बसवून घेतला. पुढे ते लिहितात, 'मुंबईत लाईट फारशी जात नाही, पण गेली तर हिचे हाल होतील. म्हणून एक लहान जनरेटर घेऊन तो गॅलरीत ठेवावा, म्हणजे एसी चालू राहील, असे मुलाच्या मनात आहे. डॉक्टर या नात्याने आपले मत कळवावे.'

प्रश्न विजेचा दिसतो, पण तो डॉक्टरांना विचारला हे फार बरे झाले. आईची काळजी करणाऱ्या या मुलाचे कौतुकच करायला हवे. मात्र त्याने योजलेल्या उपायात एक धोका दडलेला आहे आणि तो उकाड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मी स्वतः त्या धोक्याला एकदा फसता फसता वाचलो आहे. म्हणून आज सविस्तर लिहितो.

सोमवारची ती सकाळ

मुंबईला विजेची सवय जुनी आहे. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज आली ती प्रथम कापड गिरण्यांसाठी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहरात आजही 'बेस्ट' वीज पुरवते. गावाकडे आपण भारनियमनाचे दिवस काढले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. गिरगाव-दादरच्या माणसाला मात्र लाईट जाणे ही गोष्टच ठाऊक नव्हती. बाहेरच्या ग्रिडमध्ये बिघाड झाला तर मुंबईला त्यापासून वेगळे काढून शहरातली वीज चालू ठेवण्याची खास व्यवस्था तेथे आहे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास ही व्यवस्थाही उपयोगी पडली नाही. कळवा-पडघा भागातील मोठ्या वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. दुपारपासून टप्प्याटप्प्याने वीज येत गेली, काही भागांत संध्याकाळ उलटली. पुढे २७ फेब्रुवारी २०२२ रोजी रविवारी सकाळी दादर, परळ, भायखळ्यासह शहराच्या मोठ्या भागात पुन्हा तासाभरासाठी वीज गेली. या दोन प्रसंगांनंतर घरात काहीतरी पर्यायी सोय असावी असे पुष्कळांना वाटू लागले. पत्रलेखकांच्या मुलाचा विचार त्यातलाच.

माझा दवाखाना लालबागला आहे. त्या सोमवारी मी तेथेच होतो. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे निम्मे रुग्ण फोनवरच विचारपूस करीत. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात पंखे बंद, तेव्हा सकाळपासून फोन सुरू झाले ते सगळे एकाच तऱ्हेचे : जीव घाबरतो, डोके दुखते, चक्कर येते. मी प्रत्येकाला सांगत होतो, पाणी प्या, मीठ-साखरेचे पाणी घ्या, ओल्या फडक्याने अंग पुसा.

साडेबाराच्या सुमारास एका जुन्या रुग्णाचा फोन आला. हा तरुण मंडप आणि लायटिंगचा धंदा करतो. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. त्याची आई सत्तरीच्या पुढची, घरात पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. म्हणाला, 'डॉक्टर, आईचं डोकं सकाळपासून भणभणतंय. उठली की तोल जातो. हिलाही मळमळतंय. पोरानं आत्ताच उलटी केली. कोरोना तर नसेल?'

मी विचारले, 'ताप आहे का?' म्हणाला, 'नाही.' ऑक्सिमीटर लावायला सांगितले. आईचा आकडा ९८, मुलाचा ९९. माझा जीव भांड्यात पडला. म्हटले, कोरोनाचे काही नाही, उकाड्याने झाले आहे. दारे-खिडक्यांचे पडदे ओढा, आईंना पडून राहू दे, थोडे थोडे पाणी द्या. असे सांगून मी फोन ठेवणार होतो.

तेवढ्यात तो म्हणाला, 'उकाडा कसला डॉक्टर? खोली तर गारेगार आहे. एसी चालू आहे आपला, जनरेटरवर.'

तेव्हा कुठे माझ्या कानाने फोनमधून येणारी ती सततची घरघर टिपली. गार खोलीत बसलेल्या तीन माणसांना एकाच वेळी उष्म्याचा त्रास कसा होईल? मी विचारले, 'जनरेटर कुठे ठेवला आहेस?' म्हणाला, 'गॅलरीत, दाराबाहेरच. आवाज फार येतो म्हणून दार लावून घेतलंय.'

मी ओरडूनच सांगितले, 'आधी तो बंद कर. दार-खिडक्या सगळ्या उघड आणि सगळ्यांना घेऊन खाली पटांगणात ये. शेजारच्या खोल्यांची दारेही ठोठाव.'

आजींना दोघांनी धरून खाली आणले. शेजारच्या बिऱ्हाडात तान्हे बाळ होते आणि ते तासभर किरकिरत होते, असे मागाहून कळले. सर्वांना रुग्णालयात नेऊन प्राणवायू लावला. मूल संध्याकाळी खडखडीत झाले, आजींना दोन दिवस ठेवून घ्यावे लागले. सगळे सुखरूप घरी आले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. 'पडून राहू दे' असे सांगून मी फोन ठेवला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

विष कोणते?

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस, कोळसा, लाकूड यांपैकी काहीही जळताना ज्वलन अपुरे राहिले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. जनरेटरच्या धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा. त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे धूर आत येत नाही' हा समज चुकीचा आहे.

आपल्या रक्तातील लाल द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि सर्व शरीराला पोहोचवते. बैलगाडीत धान्याची पोती भरून गावोगाव पोहोचवावीत तसे हे काम. कार्बन मोनॉक्साइड या गाडीत घुसून प्राणवायूची जागा अडवतो. हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक असते, म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तात साठत जातो. गाड्या भरलेल्या दिसतात, पण त्यात धान्य नसते. मेंदू आणि हृदय या दोन इंद्रियांना प्राणवायूची गरज सर्वांत मोठी, म्हणून पहिला फटका त्यांनाच बसतो. हृदयविकाराचे रुग्ण, वृद्ध, लहान मुले आणि गर्भवती यांना तो इतरांच्या आधी व अधिक जोराने बसतो. आईच्या मानाने पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू ठेवल्याने दगावलेल्यांच्याही वाचतो. तेथेही हाच वायू असतो. लाईट गेली म्हणून बंद गॅरेजमध्ये मोटारीत एसी लावून बसणेही तितकेच घातक आहे.

खोलीचे गणित

बीडीडी चाळीतील जुनी खोली १६० चौरस फुटांची. उंची दहा फूट धरली तर आत १,६०० घनफूट, म्हणजे सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. एवढ्या हवेत फक्त १०० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड मिसळला तर त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे १,९०० भाग इतके होते. दहा लाखांत १,६०० भाग असले तरी वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर व मळमळ सुरू होते आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. लहान पेट्रोल जनरेटर तासाभरात असा वायू शेकड्यांनी ग्रॅम बाहेर टाकतो. अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा खाते तर सांगते की, असा एक जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्या धुराचा काही हिस्साच दाराच्या फटीतून आत आला तरी पुरे.

'पण गॅलरी तर उघडी असते!' असे कोणी म्हणेल. चाळीची गॅलरी चार-पाच फूट रुंद. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ओळीने दारे आणि खिडक्या. धुराने मोकळ्या हवेत जावे म्हणून ती बांधलेली नाही. खोल्यांत वारा शिरावा म्हणून ती बांधलेली आहे. वारा जिकडे जातो तिकडे धूरही जातो. हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका असल्यामुळे तो वर निघून जात नाही आणि खालीही बसत नाही. हवेत मिसळून दाराखालच्या फटीतून, खिडकीतून, एसीच्या नळीसाठी भिंतीला पाडलेल्या भोकातूनही तो आत येतो. तोंडावर मास्क किंवा ओला रुमाल बांधून तो थांबत नाही.

आता एसीविषयी. पुष्कळांची समजूत असते की एसी बाहेरची ताजी हवा गार करून आत सोडतो. घरोघरी दिसणारा स्प्लिट एसी तसे करीत नाही. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, त्यातली उष्णता तेवढी बाहेर टाकतो. गार हवा आणि शुद्ध हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय गारवा टिकावा म्हणून आपण दारे-खिडक्या घट्ट लावतो. म्हणजे एकीकडून विष आत येते आणि त्याला बाहेर जायला वाट राहत नाही. पंखा चालवायचा असता तर त्या घराची खिडकी उघडी राहिली असती. एसीने ती बंद केली.

उष्म्याची चक्कर की धुराची?

दोन्हींत डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, उलटी होते, गळून गेल्यासारखे वाटते, माणूस गोंधळतो. लाईट गेलेली, हवा दमट, अशा वेळी सगळ्यांचे बोट उकाड्याकडेच जाते. माझेही गेले. म्हणून पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

पहिली खूण : घरात किंवा शेजारी जनरेटर, शेगडी, गॅस गीझर असे काही जळत आहे का? असेल तर सर्वांत आधी धुराचा संशय घ्यावा.

दुसरी खूण : घरातील दोघा-तिघांना एकाच सुमारास त्रास सुरू झाला का? उष्म्याचा त्रास सहसा एखाद्या वृद्धाला, बाळाला किंवा कष्टाचे काम केलेल्याला आधी होतो. धूर सर्वांना गाठतो. घरातली मांजर सुस्त पडणे हीसुद्धा खूण आहे.

तिसरी खूण : बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटते आणि खोलीत आल्यावर पुन्हा डोके धरते का? तसे असेल तर दोष त्या खोलीतल्या हवेत आहे.

चौथी खूण : अंग तापले आहे का? उष्माघातात शरीराचे तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जाते, अंग हाताला चटकते. धुराच्या विषबाधेत ताप येत नाही.

ऑक्सिमीटरवर मात्र येथे विसंबू नये. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या या बोटाच्या यंत्राला प्राणवायूने भरलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त यांतला फरक कळत नाही. रुग्ण बेशुद्ध होत चालला तरी ते ९८-९९ दाखवू शकते. त्वचा लालबुंद होते असे पुस्तकांत वाचायला मिळते, परंतु ते क्वचित आणि फार उशिरा दिसते. खरे निदान रुग्णालयात रक्ताच्या तपासणीनेच होते.

त्रास झाल्यास काय करावे?

प्रथम माणसांना मोकळ्या हवेत न्यावे. जनरेटर वाटेतच असेल तर जाता जाता बंद करावा, पण त्याच्यापाशी वेळ घालवू नये. वाचवायला आत जाणाऱ्याने दार-खिडक्या सताड उघडाव्यात व लगेच बाहेर पडावे. १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करून 'जनरेटरच्या धुराची बाधा' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसते 'चक्कर आली' म्हटले तर डॉक्टरही चकतात. श्वास थांबला असेल आणि कोणाला छाती दाबण्याची कृती येत असेल तर ती मदत येईपर्यंत चालू ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू सरबत, कांद्याचा रस असे काहीही घालू नये.

बाहेर येऊन बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तासा-दीड तासात होते. प्राणवायू हेच यावरचे औषध आहे. तपासणी करताना हृदयाचा आलेखही काढतात. आणखी एक गोष्ट. काही रुग्णांत बरे झाल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे अशी लक्षणे दिसतात. तसे झाल्यास 'वयामुळे असेल' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना आधीचा प्रसंग सांगावा.

एसीची भूक

आता पत्रातील दुसऱ्या भागाकडे वळू. लहान जनरेटरवर एसी चालेल का? दीड टनाचा साधा एसी चालू असताना साधारण १,६०० ते १,८०० वॅट वीज घेतो. पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या कित्येक पट ओढतो. दोन केव्हीएच्या जनरेटरला ते झेपत नाही. जनरेटर गुदमरतो, दाब घसरतो, कॉम्प्रेसर नुसता गुणगुणत राहतो आणि तापून जळू शकतो. त्यासाठी पाच केव्हीएचा, चाळीच्या जिन्यावरून चढवणे मुश्कील असा जड जनरेटर लागेल. नव्या इन्व्हर्टर पद्धतीचा एक टनाचा एसी हळूहळू वेग घेतो, म्हणून तो लहान जनरेटरवर चालू शकतो. लालबागच्या त्या घरात तसाच होता. यंत्रे आपापली कामे चोख करीत होती, म्हणूनच कोणाला संशय आला नाही.

दोन केव्हीएचा जनरेटर भरभक्कम बोज्यावर तासाला सुमारे लिटरभर पेट्रोल पितो. सहा-सात तासांसाठी तितके लिटर पेट्रोल घरात साठवावे लागेल. स्वयंपाकाचा गॅस, देवापुढचा दिवा आणि पेट्रोलचा डबा एका खोलीत असणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

याउलट पंखा पाहा. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी जातीचा ३० ते ३५ वॅट. एका एसीच्या विजेवर वीस-बावीस जुने पंखे फिरतील. १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी असलेला घरगुती इन्व्हर्टर दोन पंखे व दोन एलईडी दिवे सहा-सात तास आरामात चालवतो. त्याला धूर नाही, आवाज नाही. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी, वेळोवेळी तिचे पाणी पाहावे आणि चार्ज होत असताना तिच्याजवळ काडी पेटवू नये, एवढेच पथ्य. घरी कोणाला प्राणवायूचे यंत्र लागत असेल तर इन्व्हर्टरवरचा पहिला हक्क त्याचा. पाच लिटरचे यंत्र ३०० ते ४०० वॅट घेते, तेव्हा त्या हिशेबाने बॅटरी घ्यावी आणि एक भरलेला सिलिंडरही जवळ ठेवावा.

एसीशिवाय रुग्णाला कसे सांभाळावे?

मुंबईचा उकाडा ओला असतो. हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून वृद्ध, बाळे, गर्भवती, हृदय व मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांची काळजी घ्यावीच लागते. ती एसीशिवायही घेता येते.

समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवावी, उन्हाच्या बाजूची झाकावी. हात, मान, पाय, पाठ ओल्या फडक्याने वरचेवर पुसून त्यावर पंखा किंवा पुठ्ठ्याचा वारा घालावा. पावले गार पाण्याच्या घमेल्यात ठेवली तर पुष्कळ आराम पडतो. घरातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आत असेल तर ओले अंग आणि वारा यांचा चांगला उपयोग होतो, आणि मुंबईत खोलीचे तापमान सहसा त्याच्या खालीच असते. थोडे थोडे पाणी, ताक, कोकम सरबत द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाण्याचे व मिठाचे बंधन असेल तर किती द्यावे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावे. वरच्या मजल्यावर पत्रे तापत असतील तर रुग्णाला खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे नेऊन बसवावे. चाळीत अजून तेवढा शेजारधर्म आहे.

फ्रिजमधील इन्सुलिनची चिंता लगेच करू नये. दार न उघडल्यास फ्रिज चारेक तास गार राहतो. त्याहून अधिक वेळ लागला तर इन्सुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवावे.

एवढे करूनही माणूस बरळू लागला, झोपाळला किंवा अंग चटकू लागले तर तो उष्माघात समजावा. काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पॅरासिटामॉलची गोळी येथे उपयोगाची नाही.

जनरेटर वापरणारच असाल तर

गावाकडे आवार असते, विहिरीवर पंप असतो. तेथे जनरेटर लागतो हे मला मान्य आहे. त्यासाठी हे नियम :

१) जनरेटर घरापासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर ठेवावा. धुराड्याचे तोंड घराच्या उलट दिशेला असावे. ओटी, पडवी, गोठा, जिना, गच्चीवरची बंदिस्त खोली आणि गॅलरी या जागा वर्ज्य. 'खिडकी उघडी ठेवली आहे' एवढ्यावर भागत नाही.

२) पावसात भिजू देऊ नये, पण त्यासाठी तो पडवीत ओढूही नये. मोकळ्यावर चार खांबांची उघडी मांडणी करावी.

३) घरातल्या प्लगमध्ये दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घालून जनरेटर जोडू नये. ती वीज उलटी वाहून खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

४) इंधन भरण्यापूर्वी यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे.

५) झोपताना जनरेटर चालू ठेवू नये. झोपेत डोकेदुखी कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे भोंग्याचे लहान यंत्र बाजारात मिळते. जनरेटर असलेल्या घरात ते अवश्य असावे.

ही खबरदारी पुढारलेल्या देशांतही पाळली जात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात लॉरा वादळ आले. वाऱ्या-पाण्यातून बचावलेल्या कित्येकांनी नंतर वीज नाही म्हणून जनरेटर लावले आणि त्यांच्या धुराने ते दगावले.

पत्रलेखकांस उत्तर

आपल्या मुलाला सांगा, आईसाठी केलेला विचार चांगला आहे, फक्त यंत्र बदलावे. वीस फूट मोकळी जागा चाळीच्या गॅलरीत मिळणार नाही, म्हणून तेथे जनरेटर नकोच. त्याच पैशांत इन्व्हर्टर, चांगली बॅटरी आणि दोन कमी विजेचे पंखे येतील. वीज असेल तेव्हा एसी खुशाल लावावा. ती गेली की एसी बंद, खिडकी उघडी, पंखा चालू, ओले फडके हाताशी. हृदयाच्या डॉक्टरांचा आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

चाळीत दुसऱ्या कोणी गॅलरीत जनरेटर लावला तर भीड न धरता तो बंद करायला सांगावे. त्याचा धूर आपल्या घरात येतो, मग हे त्याचे खासगी प्रकरण राहत नाही. लालबागच्या त्या तरुणाने आपला जनरेटर आता मंडपाच्या कामापुरता, मैदानात ठेवला आहे. त्याच्या घरी इन्व्हर्टर आला आहे. त्याची आई अजूनही दर महिन्याला रक्तदाब तपासायला येते आणि म्हणते, 'डॉक्टर, त्या दिवशी खोली किती छान गार झाली होती!'

तेवढे मात्र वाचकांनी विसरू नये. खोली गार आहे, ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आहे, आणि तरी घरातल्यांना चक्कर येते आहे, अशा वेळी आधी बाहेर पडावे. कारण नंतर शोधता येते.